पेठा राहण्यासाठीच आहेत

पुण्याच्या जुन्या पेठांबद्दल एक मत आता इतकं रुळलं आहे की त्याला कुणी पुरावाही मागत नाही. पेठा आता राहण्याजोग्या उरल्या नाहीत, असं ते मत. गल्ल्या अरुंद, गाडी लावायला जागा नाही, वाडा कधी डोक्यावर येईल सांगता येत नाही, भाडेकरू पन्नास रुपयांत कोटींची जागा अडवून बसलेत, उत्सवात रात्र रात्र झोप नाही. तेव्हा शहाण्या माणसानं मिळेल ती रक्कम पदरात पाडून घ्यावी आणि बाणेर, वाकड, नऱ्हे असं कुठं तरी चांगल्या फ्लॅटमध्ये जावं. पेठांत दुकानं, गोदामं, क्लास, पार्किंगचे मजले आणि चार-दोन स्मारकं राहू द्यावीत.

मी नारायण पेठेतल्या एका वाड्यात भाडेकरू म्हणून राहते. हे मत मला साफ चुकीचं वाटतं. त्यातली तक्रार खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तुळशीवृंदावन, झोपाळा, चौकातल्या गप्पा आणि सगळ्यांची मिळून दिवाळी असं चित्र रंगवून ‘वाडा संस्कृती’साठी हळहळणाऱ्यांच्या वतीनं मी बोलत नाही. त्या चित्रात पहाटे सामाईक संडासापुढं लागणारी रांग नसते. माजघराच्या अंधारात जन्म काढलेल्या बायका नसतात. कोणत्या जातीनं कोणत्या आळीत राहायचं आणि कोणत्या हौदाला हात लावायचा नाही, हेही त्यात नसतं. जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो याच जुन्या पुण्यात, तेव्हाच्या गंज पेठेत. जुनं म्हणून सोनं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. इथं आजही हजारो कुटुंबं राहतात, त्यांना इथंच राहायचं आहे आणि त्यांचं राहणं माणसांनी केलेल्या नियमांनी व न केलेल्या कामांनी अवघड करून ठेवलं आहे, हे माझं म्हणणं.

पेठा व्यापारासाठीच होत्या, आता त्या पुन्हा व्यापाराकडं चालल्या आहेत, असा युक्तिवाद काही जण करतात. हा अर्धाच इतिहास झाला. पेठ वसवताना शेटे-महाजन नेमले जात, येऊन राहणाऱ्याला काही वर्षं करात सूट दिली जाई. माणसं येऊन राहावीत म्हणून सरकार पदरमोड करत होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळानं पाणी आणून ते शहरातल्या हौदांत सोडलं गेलं. गोदामांसाठी कुणी एवढा खटाटोप करत नाही. कसब्यातल्या तांबट आळीत दुकान, कारखाना आणि घर एकाच छपराखाली होतं, काही ठिकाणी अजून आहे. पुढच्या खोलीत हंड्यावर मठारकाम चाललेलं असतं आणि आतल्या खोलीत पोरं अभ्यास करत असतात. त्या आळीतून राहणारी माणसं उठली की धंदाही उठतो, कारण तो चालवणारे हात बाणेरहून रोज यायचे नाहीत.

आता मुख्य आक्षेप घेऊ. वाडे जुने झाले, ते पडणारच, असं म्हणतात. जून आला की वर्तमानपत्रांत धोकादायक वाड्यांची बातमी येते, एखादी भिंत कोसळते, आणि ‘बघा’ असं म्हणायला सगळे मोकळे होतात.

वाडा पडतो कसा, हे एकदा नीट पाहायला हवं. दगडी जोतं, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. मधल्या भिंती विटांच्या, चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या. भार मुख्यतः लाकडाच्या सांगाड्यावर असतो. सागवान कोरडं राहिलं तर दोन-दोन शतकं टिकतं. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा दोनशे वर्षांहून जुना आहे, त्याला आगही लागून गेली आहे, आणि वेळोवेळी हात फिरत गेला म्हणून तो भर रस्त्यावर आजही उभा आहे. लाकडाचा शत्रू पाणी. फुटलेलं कौल, गंजलेली पन्हळ, वरच्या मजल्यावर मागाहून काढलेल्या मोरीचा गळका पाइप, असं कुठूनही पाणी भिंतीत शिरतं आणि तुळईचं जे टोक भिंतीत गाडलेलं असतं तिथं जाऊन बसतं. मग कुणी तरी ओल झाकायला सिमेंटचा गिलावा मारतं. चुन्याच्या भिंतीतून ओल बाहेर पडते, सिमेंट तिला कोंडून ठेवतं. बाहेरून भिंत चकचकीत दिसते आणि आत लाकडाचा भुसा होत असतो. वाळवी नंतर येते, तिला फक्त आयतं मिळतं.

आमच्या पडवीतला जिन्यालगतचा खांब असाच गेला होता. गिलाव्याचा पोपडा काढून सुतारानं स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. आदल्याच पावसाळ्यात एका माहीतगारानं त्याच खांबाकडं बोट दाखवून ‘वाडा संपला’ असं सांगितलं होतं. सुतारानं वरची तुळई जॅकवर तोलली, खांबाचं कुजलेलं बूड दोनेक फूट कापून काढलं, खाली दगड बसवला आणि जुन्या सागाचा तुकडा खाच पाडून वरच्या खांबाला जोडला. मग भिंतीवरचं सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावला, आणि सगळ्यात आधी करायला हवं होतं ते शेवटी केलं, वरचा पाइप बदलला. खर्च एका बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीएवढा आला. सहा बिऱ्हाडांनी तो वाटून घेतला. खांब आता ठणठणीत आहे.

एवढं सोपं असेल तर लोक दुरुस्ती का करत नाहीत, असं कुणीही विचारील. विचारायलाच हवं, कारण खरं दुखणं तिथं आहे.

1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देण्यासाठी ते गरजेचं होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढी घेत अर्धशतक चालला. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात स्पष्ट सांगितलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता अवाजवी आणि मनमानी झालं आहे. मग 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि दरसाल चार टक्के वाढीची मुभा मिळाली. वीस रुपये भाडं असेल तर पंचवीस वर्षं चार टक्के चक्रवाढीनं धरूनही ते साठाच्या आतच राहतं. एवढ्या पैशात मालक कौलं शाकारील कशी?

याच कायद्याचं चौदावं कलम म्हणतं की घर राहण्यायोग्य ठेवणं मालकाचं काम. त्यानं ते केलं नाही तर भाडेकरूनं नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. वाचायला फार न्याय्य वाटतं. पण एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त असता कामा नये, अशी अट आहे. महिना पन्नास रुपये भाड्याचे वर्षाला सहाशे होतात, त्याचा चौथा हिस्सा दीडशे रुपये. दीडशे रुपयांत आज सुताराचा चहा-नाश्ताही धड होत नाही.

म्हणजे मालकाला दुरुस्ती परवडत नाही, आणि वाडा पडला तर जमीन मोकळी होते हे त्याला कळतं. भाडेकरूला आपली नसलेली भिंत दुरुस्त करायला धीर होत नाही, उद्या बाहेर काढलं तर पैसा पाण्यात. महापालिका महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली नोटीस चिकटवते आणि तिची जबाबदारी कागदोपत्री संपते. तिघांपैकी कुणीच वेडा नाही. प्रत्येक जण आपल्या जागी हिशेबानं वागतो आणि वाडा मात्र खचत जातो. याला वार्धक्य म्हणणं ही शुद्ध दिशाभूल आहे.

आणि ‘पन्नास रुपयांत जागा अडवून बसलेले भाडेकरू’ हा शब्दप्रयोग करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की आमच्यातल्या बहुतेकांच्या आजोबांनी किंवा सासऱ्यांनी त्या काळी बाजारभावानंच भाडं ठरवून जागा घेतली होती. भाडं गोठवलं सरकारनं. मला वाढीव भाडं द्यायला हरकत नाही, माझ्या माहितीतल्या कित्येकांची नाही. ते भाडं भिंतीत आणि छपरात गेलं पाहिजे, आणि ते दिल्यावर मला इथं राहता आलं पाहिजे, एवढीच अट आहे. मालकांवर अन्याय झाला हे मी मान्य करते. त्याची भरपाई माझ्या डोक्यावर वाडा पाडून व्हावी हे मान्य करत नाही.

मुंबईत हा पेच ओळखला गेला. 1969 च्या कायद्यानं तिथं जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आलं, उपकर लागला आणि त्या पैशातून दुरुस्ती करायची व्यवस्था झाली. ते मंडळ आता म्हाडाचा भाग आहे. त्याच्या कारभाराबद्दल गिरगाव-लालबागचे लोक तासन्‌तास गाऱ्हाणी सांगतील आणि ती रास्तही असतील. तरी तिथल्या चाळकऱ्याला जायला एक दार आहे, दाखवायला कायदा आहे. पुण्याच्या वाड्याला तसलं काही नाही. आमच्या वाट्याला फक्त नोटीस. दुरुस्तीसाठी निधी नाही, कर्ज नाही, लाकूडकाम जाणणाऱ्या अभियंत्याचा सल्लाही महापालिकेकडून मिळत नाही. नोटिशीत ‘तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी’ असं छापलेलं असतं. सिमेंट-लोखंडाची गणितं शिकलेला तज्ज्ञ सागवानी खांबाकडं पाहून ‘पाडा’ असंच म्हणणार.

स्मारकप्रेमाचीही गोष्ट बोलायला हवी, कारण पेठांतून माणसं गेली तरी इतिहास स्मारकांत राहील असं समाधान मानून घेणारे पुष्कळ आहेत. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात 1848 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. पुढं तो वाडा दशकानुदशकं मोडकळत राहिला, खटले चालले, आणि 2023 च्या डिसेंबरात राष्ट्रीय स्मारकासाठी तो पाडला गेला. स्मारक व्हायला हवं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या भिंतींत ती शाळा भरली त्या भिंती वेळेवर दुरुस्त केल्या असत्या तर पाडण्याची वेळ आली नसती. वापरात असलेलं, दिवाबत्ती होणारं घर टिकतं. बंद पडलेलं घर पुण्याच्या पावसात झपाट्यानं खंगतं, मग त्याचा इतिहास कितीही मोठा असो.

शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यात 2010 मध्ये दुरुस्ती झाली आणि संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, त्यापुढं दोनशे मीटर नियंत्रण असा नियम देशभर एकसारखा लागू झाला. माळरानावरच्या एकाकी देवळाला हे ठीक आहे. कसबा, शनिवार, नारायण आणि बुधवार पेठेच्या दाट वस्तीला तेच माप लावल्यावर, मोडकळीला आलेला वाडा उतरवून पुन्हा बांधताही येत नाही, आणि दुरुस्तीसाठीसुद्धा दिल्लीतल्या प्राधिकरणाच्या परवानगीच्या फेऱ्यात पडावं लागतं. स्मारकाभोवतीची वस्ती ही त्या स्मारकाचाच भाग आहे. तिला अडगळ मानून आखलेला नियम त्या वास्तूचंही भलं करत नाही.

उत्सवाबद्दल मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. ‘आवाज सोसत नसेल तर पेठेत राहू नका’ असं तोंडावर सांगितलं जातं. गणेशोत्सव पेठांचा आहे, पेठांतल्या माणसांनी तो वाढवला आहे. कसबा गणपतीची मिरवणूक बघायला मी लहानपणापासून उभी राहत आले आहे, ढोल-ताशाचा मला कधी त्रास झाला नाही. पण ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली आहे. विसर्जनाच्या काळात लक्ष्मी रस्त्यावर अभियांत्रिकीचे विद्यार्थी वर्षानुवर्षं मोजणी करत आले आहेत आणि आकडे शंभराच्या आसपास येतात. डेसिबलचं माप असं आहे की दर दहाला ध्वनीची ऊर्जा दसपट होते. पंचावन्नवरून शंभर म्हणजे तीस हजार पटीहून अधिक. हे तीसेक तास चालतं. आमच्या समोरच्या वाड्यातल्या आजी त्या रात्री कानांत कापूस आणि त्यावर रुमाल बांधून माजघरात बसतात, कारण रस्त्याकडच्या खोलीत खिडकीच्या काचा आणि फडताळातली भांडी सारखी थरथरत असतात. त्यांना पेठ सोडायला सांगणाऱ्यांनी आधी स्पीकरची भिंत सोडावी. ती भिंत पेठेनं मागितलेली नाही, आणि तिच्यापुढं नाचणारे कितीक जण रात्री झोपायला शांत उपनगरात जातात.

गल्ल्या अरुंद आहेत, हे खरंच. त्या चालण्यासाठी बांधल्या आहेत. त्यांत अग्निशमनाची गाडी शिरत नाही ती मुख्यतः दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाकींमुळे, आणि त्या दुचाकी बहुतांशी खरेदीला आलेल्यांच्या. महापालिकेनं 2018 मध्ये सशुल्क पार्किंगचं धोरण मंजूर केलं होतं, ते रस्त्यावर उतरलंच नाही. सप्टेंबर 2024 पासून कसबा पेठ आणि मंडई या दोन ठिकाणी भुयारी मेट्रो थांबते. गाडी घरी ठेवून येण्याची सोय दाराशी आली असताना वाडे पाडून पार्किंगचे मजले बांधा, अशी मागणी मला समजत नाही.

इथं राहण्यात मिळतं काय, असं विचारणाऱ्यांनाही उत्तर देते. माझ्या घरापासून मंडई पायी, दवाखाना पायी, बँक पायी, पुणे मराठी ग्रंथालय पायी, भरत नाट्य मंदिर पायी. सत्तरी ओलांडलेली बाई इथं कुणाच्या गाडीची वाट न बघता आपला दिवस आपण काढू शकते. तिला तेराव्या मजल्यावर तीन खोल्या देऊन, भाजीसाठी सुनेच्या सवडीवर सोडलं तर तिची सोय झाली असं मी मानणार नाही. घरकाम करणारी, मंडईत गाळ्यावर बसणारी, छापखान्यात काम करणारी माणसं पेठेतल्या एका खोलीत राहतात म्हणून त्यांना कामावर चालत जाता येतं. त्यांना शहराबाहेर ढकललं की रोजच्या कमाईतला मोठा वाटा प्रवासात जाईल.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही. काही वाडे इतके खचले आहेत की ते उतरवलेच पाहिजेत, त्यांत माणसं ठेवणं गुन्हा आहे. पण शेजाऱ्याशी भिंत सामाईक असलेल्या, बारा-पंधरा फुटी दर्शनाच्या जागेला मोकळ्या प्लॉटचे नियम लावून चालत नाही. बाजूची जागा सोडली की बांधायला काही उरत नाही, मग बिल्डर दोन-चार वाडे एकत्र करायला बसतो, त्यात वर्षं जातात, आणि तोवर भाडेकरू भाड्याच्या तिसऱ्याच घरात म्हातारा होतो. पेठांसाठी पेठांच्या मापाचे नियम हवेत. जो राहत होता तो तिथंच परत येईल याची लेखी, नोंदवलेली हमी हवी. पुण्याच्या वाड्यांसाठी दुरुस्ती निधी हवा, ज्यात मालक, भाडेकरू आणि महापालिका तिघांचे पैसे असतील, आणि चौदाव्या कलमातली ती चौथ्या हिश्श्याची मर्यादा गेली पाहिजे. यातलं काहीही अशक्य नाही. मुंबईसाठी पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी कायदा करता आला, तर पुण्यासाठी आज करता येतो.

कायद्याला वेळ लागेल. पावसाळा थांबणार नाही. तुम्ही पेठेतल्या एखाद्या वाड्याचे हिस्सेदार असाल, वरच्या मजल्यावरची खोली वाटणीच्या वादात कुलूपबंद ठेवून दुसरीकडं राहत असाल, तर त्या खोलीचं गळकं छप्पर खालच्या बिऱ्हाडाच्या तुळया कुजवत आहे. वाद चालू द्या. पण मृग लागण्याआधी एकदा किल्ली घेऊन या, कुलूप काढा आणि कौलं शाकारून घ्या.